किट कारचा ईसीयू ट्यून करताना: आधी काय, मग काय

सुट्या भागांतून स्वतः बांधलेली किट कार सुरू होते, आयडलवर गचके खाते, ॲक्सलरेटर दाबला की क्षणभर गुदमरते. मालक लॅपटॉप मांडीवर घेऊन व्हीई टेबलातले (कुठल्या आरपीएमला आणि लोडला सिलिंडर किती टक्के हवेने भरतो ते सांगणाऱ्या तक्त्यातले) आकडे वरखाली करत बसलेला असतो. एक जागा सुधारली की दुसरी बिघडते. दोन रविवार असे जातात. मग इंटरनेटवरून कुणाचा तरी तयार मॅप, म्हणजे अशा सगळ्या तक्त्यांची फाइल, उतरवून भरला जातो आणि इंजिन आणखीच बिथरतं.

मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो यांसारखे स्वतः जोडायचे ईसीयू (इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा संगणक) बसवलेल्या गाड्यांत बहुतेक वेळा खोट टेबलात नसतेच. ती अर्थिंगमध्ये, सेन्सरच्या कॅलिब्रेशनमध्ये किंवा टायमिंगच्या शून्यबिंदूत असते. ईसीयूला चुकीची माहिती मिळत असेल तर टेबलातला बरोबर आकडाही चुकीचं पेट्रोल सोडतो. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. मेनूंची नावं सॉफ्टवेअरप्रमाणे थोडी वेगळी असतील, क्रम मात्र तोच.

टप्पा १: लॅपटॉप उघडण्याआधी

हाताशी हवं ते: साधा टायमिंग लाइट, मल्टिमीटर, फ्युएल प्रेशर गेज, वाइडबँड लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) आणि त्याचा कंट्रोलर, पूर्ण चार्ज बॅटरी, चार्जर आणि अग्निशामक. शिवाय एक माणूस, जो गाडी चालवेल आणि लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहणार नाही.

इंजिनाची यांत्रिक तब्येत आधी पाहा. कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हचं अंतर, कॅमचं टायमिंग, प्लग. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा आत येत असेल तर ट्यूनिंगला अर्थ नाही. फ्युएल पंप चालू करून रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी), रेग्युलेटर आणि प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहा. कागद ओला झाला तर पुढे जाऊ नका.

वाइडबँड सेन्सर एक्झॉस्टमध्ये उभा किंवा तिरका बसवा, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर, म्हणजे पाण्याचे थेंब त्यात साचत नाहीत. एक्झॉस्ट पोर्टपासून साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठीक. बॉश एलएसयू ४.९ सारखा सेन्सर गरम न करता चालू इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये ठेवला तर खराब होतो, म्हणून इंजिन चालू तेव्हा त्याचा हीटर चालू असलाच पाहिजे.

सावधान: सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीकशी जरी गळती असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दिसतं. तुम्ही पेट्रोल वाढवत जाता, प्लग काळे होत जातात.

टप्पा २: अर्थिंग

किट कारमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून जरा थांबून लिहितो. कारखान्यातून आलेल्या गाडीची पत्र्याची बॉडी अर्थचं काम करते. फायबरग्लासची बॉडी ते करत नाही. चॅसिस लोखंडी असली तरी तिच्यावर पावडर कोटिंग असतं आणि ते वीज जाऊ देत नाही. बोल्ट घट्ट आवळला म्हणजे अर्थ झाला असं नव्हे. त्या जागचं कोटिंग घासून उघडा धातू दिसू द्या, जोड आवळा आणि मग वरून ग्रीस लावा.

नियम दोनच. ईसीयूच्या पॉवर अर्थच्या सगळ्या तारा इंजिन ब्लॉकवर एकाच ठिकाणी आणा. आणि सेन्सरच्या अर्थच्या तारा ब्लॉकला न जोडता थेट ईसीयूच्या सेन्सर अर्थला न्या. टीपीएस (थ्रॉटल किती उघडा आहे ते सांगणारा सेन्सर) आणि तापमानाचे सेन्सर ब्लॉकवर अर्थ केले की स्टार्टर, पंखा, हेडलाइट जे काही चालू होईल त्याप्रमाणे त्यांची रीडिंग हलतात. वाइडबँड कंट्रोलरचा सिग्नल अर्थसुद्धा ईसीयूच्याच अर्थला जोडा.

माझ्या स्वतःच्या गाडीत हेडलाइट लावले की मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, दिसायचं. रात्रीचा वेगळा मॅप करावा की काय, इथवर माझी मजल गेली होती. शेवटी निघाला तो कोटिंगवर आवळलेला एक बोल्ट.

तपासणी: मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं ईसीयूच्या अर्थ पिनला. पंखा, पंप, दिवे सगळं चालू ठेवून ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. त्याचबरोबर वाइडबँडच्या गेजवरचा आणि लॅपटॉपवरचा आकडा एकच आहे ना ते पाहा. ० ते ५ व्होल्टमध्ये १० ते २० एएफआर (हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण) दाखवणाऱ्या कंट्रोलरमध्ये ०.१ व्होल्टची गफलत म्हणजे ०.२ एएफआरची चूक.

क्रँक सेन्सरची वायर शील्डेड घ्या. शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा, दोन्हीकडे नको. ही वायर प्लगच्या तारांपासून आणि अल्टरनेटरपासून दूर न्या.

टप्पा ३: सेन्सर खरं बोलतात का?

रात्रभर उभ्या गाडीवर इग्निशन चालू करा, इंजिन नको. कूलंटचं तापमान, हवेचं तापमान आणि भिंतीवरचा थर्मामीटर यांत एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. असेल तर सेन्सरचा प्रकार चुकीचा निवडला आहे. मॅप सेन्सरने (हा मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, तक्त्यांच्या मॅपशी त्याचा संबंध नाही) बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे, समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल, उंचीवर त्याहून कमी.

कूलंट सेन्सरची जागा पाहा. किट कारमध्ये पाइपिंग स्वतः केलेलं असतं आणि सेन्सर बऱ्याचदा थर्मोस्टॅटच्या पलीकडच्या नळीत बसवलेला सापडतो. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तिथे पाणी फिरतच नाही. इंजिन तापलं तरी ईसीयूला ते थंडच वाटतं आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. सेन्सर हेडवर, थर्मोस्टॅटच्या अलीकडे हवा. हवेचा सेन्सरही एक्झॉस्टच्या झळीत नको.

टप्पा ४: थ्रॉटल बॉडी, आणि लोड कशावरून मोजायचा

एकच थ्रॉटल आणि प्लेनम (सगळ्या सिलिंडरची सामाईक हवेची पेटी) असेल तर मॅप सेन्सरवर चालणारी स्पीड-डेन्सिटी पद्धत घ्या आणि पुढच्या टप्प्याला जा.

प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी असेल, उदाहरणार्थ मोटारसायकलवरून काढलेल्या बॉडी, तर प्रश्न येतो. थ्रॉटल थोडासा उघडताच मॅनिफोल्डमधला दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतका होतो, म्हणून मॅपवरून लोड नीट कळत नाही. इथे थ्रॉटलच्या कोनावर चालणारी अल्फा-एन पद्धत वापरा. टेबलात थ्रॉटलचे कप्पे समान अंतरावर ठेवू नका. हवेच्या प्रवाहातला मोठा बदल पहिल्या २० टक्क्यांतच होतो, म्हणून कप्पे ०, २, ४, ७, १०, १५, २०, ३०, ४५, ६०, ८०, १०० असे खाली दाट आणि वर विरळ ठेवा.

क्रम इथेही महत्त्वाचा. आधी सिंक्रोमीटरने (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या गेजने) चारही बॉडींचा प्रवाह समान करा, मग आयडलचा स्क्रू लावा, आणि सगळ्यात शेवटी टीपीएसचं शून्य कॅलिब्रेट करा. टीपीएस आधी केला आणि बॉडी नंतर हलवल्या तर आयडलला ईसीयू २ टक्के थ्रॉटल समजतो आणि सगळं टेबल एक पायरी सरकतं.

टप्पा ५: इंजेक्टरचं गणित

सॉफ्टवेअरमधल्या रिक्वायर्ड फ्युएलच्या (सिलिंडर हवेने पूर्ण भरला तर इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, त्या आकड्याच्या) खिडकीत इंजिनाचं आकारमान, सिलिंडरची संख्या आणि इंजेक्टरचा प्रवाह भरला की आकडा आपोआप येतो. तरी हिशेब स्वतः एकदा करा, कारण इंजेक्टर पुरतात की नाही ते यातच कळतं.

२००० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, मिनिटाला २४० सीसी देणारे चार इंजेक्टर. रिक्वायर्ड फ्युएल साधारण १३.८ मिलिसेकंद येतं. फुल थ्रॉटलला १४.७ ऐवजी १२.८ एएफआर हवा म्हणून ते १५.८ झालं. ७००० आरपीएमला व्हीई ८० टक्के धरली तर १२.७, त्यात इंजेक्टर उघडायला लागणारा सुमारे १ मिलिसेकंदाचा डेड टाइम मिळवला की १३.७. त्या वेगाला दोन फेऱ्यांना लागतात १७.१ मिलिसेकंद. म्हणजे ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण) ८० टक्के, नेमकी मर्यादेवर. हेच इंजिन गरम कॅमवर ९५ टक्के व्हीई देऊ लागलं तर हे इंजेक्टर अपुरे.

डेड टाइम बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतो. व्होल्टेज उतरलं की तो वाढतो. इंजेक्टरचा तक्ता मिळाला तर तोच भरा. हा आकडा चुकीचा असेल तर आयडलला त्रास जास्त होतो, कारण तिथे एकूण पल्सच दोन-तीन मिलिसेकंदांची असते.

इंजेक्टरचा प्रवाह कोणत्या दाबाला मोजला आहे ते पाहा. साधारणपणे तो ३ बारला असतो. तुमच्या रेलमध्ये खरोखर किती दाब आहे ते गेज लावूनच ठरवा, रेग्युलेटरवरच्या चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नका.

टप्पा ६: ट्रिगर आणि टायमिंग

ट्यूनिंगमधला हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा. लॅपटॉपवर दिसणारं टायमिंग ही फक्त ईसीयूची समजूत असते. प्लगवर ठिणगी खरंच तेव्हाच पडते का, हे फक्त टायमिंग लाइट सांगतो.

१. खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असतो तो बिंदू) शोधा. पुलीवरची खूण मानू नका. रबरी डॅम्परच्या पुलीचं बाहेरचं कडं जुनं झालं की घसरतं. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावा, क्रँक हाताने एका दिशेने अडेपर्यंत फिरवा आणि खूण करा. मग उलट फिरवा, पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे टीडीसी.

२. क्रँकबरोबर फिरणाऱ्या दातेरी ट्रिगर व्हीलचे दात मोजा. फोर्डचं ३६ वजा १, बॉशचं ६० वजा २, म्हणजे तितके दात मुद्दाम गाळलेले. व्हीलला डगमग नको. व्हीआर (चुंबकावर चालणारा) क्रँक सेन्सर आणि दात यांतलं अंतर सुमारे ०.७५ ते १ मिलिमीटर.

३. व्हीआर सेन्सरच्या दोन तारांची दिशा तपासा. उलट जोडल्या तरी इंजिन सुरू होऊ शकतं, आणि घोटाळा तिथेच आहे. दाताच्या चुकीच्या कडेवर ट्रिगर होतो, मग आरपीएम वाढेल तसं टायमिंग सरकतं किंवा वरच्या वेगाला सिंक तुटतो. हॉल सेन्सरला ही भानगड नाही.

४. स्पार्क आउटपुटची दिशा आणि ड्वेल (कॉइल चार्ज होण्याचा वेळ) भरा. कॉइलला ड्वेल साधारण ३ मिलिसेकंद लागतो, नेमका आकडा कॉइलच्या तक्त्यातून घ्या.

सावधान: स्पार्क आउटपुटची दिशा उलटी भरली तर कॉइल सतत चार्ज होत राहते आणि जळते. पहिल्यांदा इग्निशन चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने कॉइलला हात लावून पाहा. कोमट जरी लागली तरी लगेच बंद करा.

५. इंजेक्टरचे कनेक्टर काढा, टायमिंग सॉफ्टवेअरमध्ये १० अंशांवर स्थिर करा, प्लग काढून स्टार्टर फिरवा. ऑइल प्रेशर येतंय का तेही इथेच कळेल. टायमिंग लाइटने १० दिसेपर्यंत ट्रिगरचा कोन बदलत राहा. प्लगच्या तारा वर लोंबकळत ठेवू नका, प्लगला जोडून प्लग ब्लॉकला टेकवा. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ येत नाही याची आधी खात्री करा.

वेस्टेड स्पार्क असेल तर ठिणगी प्रत्येक फेरीला पडते. डायल असलेले काही टायमिंग लाइट मग दुप्पट अंश दाखवतात. डायल शून्यावर ठेवा आणि पुलीवरच्या खुणांवरूनच वाचा.

तपासणी: इंजिन चालू झाल्यावर, टायमिंग अजून १० वरच स्थिर असताना, लाइट धरून ३००० आरपीएमपर्यंत नेऊन पाहा. खूण जागच्या जागी राहिली पाहिजे. सरकली तर ३ नंबरला परत. हे झालं की स्थिर टायमिंग बंद करायला विसरू नका. विसरलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या धावतात, पण ओढत नाहीत, आणि एक्झॉस्ट लालबुंद होतो.

टप्पा ७: पहिला स्टार्ट

आधी या गोष्टी बंद करा: लॅम्डाची क्लोज्ड लूप दुरुस्ती (सेन्सर पाहून ईसीयू स्वतःच पेट्रोल बदलतो ती), डिसेलरेशनला पेट्रोल तोडणं, आयडल कंट्रोल. हे चालू असतील तर तुम्ही आणि ईसीयू एकाच वेळी दोन बाजूंनी स्टिअरिंग ओढत असता.

क्रँकिंगची पल्स कमीपासून सुरू करा आणि दर प्रयत्नाला थोडी वाढवा. प्लग ओले झाले तर फ्लड क्लिअर वापरा, म्हणजे ॲक्सलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. इंजिन धरलं की लगेच मॅप नाजूक करायला बसू नका. हवेशीर जागी पूर्ण तापू द्या.

नव्याने बांधलेलं, फ्लॅट टॅपेटचं नवीन कॅम असलेलं इंजिन असेल तर नियम वेगळा. त्याला पहिल्याच स्टार्टला आयडलवर ठेवायचं नसतं, सुमारे वीस मिनिटं २००० आरपीएमच्या वर चालवायचं असतं. ट्यूनिंग त्यानंतर. म्हणजे टप्पा १ ते ६ अशा इंजिनासाठी दुप्पट काटेकोरपणे.

टप्पा ८: व्हीई टेबल

इथे घाई करू नका, इथेच खरा वेळ घालवा.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी पाहा. वॉर्मअप एनरिचमेंट (थंड इंजिनाला मिळणारं जादा पेट्रोल) गरम इंजिनाला नेमकं १०० टक्के दाखवतंय ना? १०४ असेल तर चार टक्के चूक सगळ्या टेबलात मुरेल. एएफआर टार्गेट टेबल पेट्रोलच्या हिशेबात धरायचं की नाही, तो पर्याय आत्ताच ठरवा आणि नंतर हात लावू नका. तो मध्येच बदलला की केलेलं सगळं टेबल खोटं ठरतं. आणि अजून न तपासलेल्या वरच्या लोडच्या कप्प्यांत १० ते १५ टक्के पेट्रोल जास्त भरून ठेवा.

टार्गेट साधारण असे: साध्या एकसारख्या वेगाला लॅम्डा (प्रत्यक्ष एएफआर भागिले समतोल एएफआर, म्हणजे पेट्रोल पुरतं जळायला लागणारा) १ च्या आसपास, फुल थ्रॉटलला टर्बो नसलेल्या इंजिनाला ०.८६ ते ०.८८. इथून पुढे मी एएफआरऐवजी लॅम्डाच वापरतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा समतोल १४.७ नसतो, १० टक्के मिश्रणाला तो १४.१ च्या जवळ येतो. लॅम्डा मात्र कुठल्याही इंधनाला १ म्हणजे १.

पद्धत अशी. एका कप्प्यात थ्रॉटल आणि आरपीएम तीन-चार सेकंद स्थिर धरा आणि वाचा. नवी व्हीई = जुनी व्हीई × मोजलेला लॅम्डा ÷ हवा तो लॅम्डा. जुनी ६०, मोजला १.०५, हवा ०.९५, तर नवी ६६. शेजारचे कप्पेही त्याच अंदाजाने हलवा आणि टेबलाचा त्रिमितीय आलेख पाहा. इंजिन डोंगराच्या उतारासारखं वागतं. त्यात एखादा सुळका किंवा खड्डा दिसला तर आकडा चुकीचा असण्याची शक्यता जास्त.

सावधान: मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर लीन दाखवतो. पेट्रोल वाढवून आवाज आणखी फाटका झाला तर तुम्ही उलट दिशेने चालला आहात, पेट्रोल कमी करून पाहा. लांब ओव्हरलॅपचं (दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे ठेवणारं) कॅम असेल तर आयडललाही असंच खोटं लीन दिसतं. तिथे सेन्सरपेक्षा कान खरे. इंजिन ज्या आकड्याला सर्वांत शांत आणि स्थिर चालतं, तोच ठेवा.

ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरमधलं ऑटोट्यून (टेबल आपोआप सुधारणारी सोय) चांगलं आहे, पण हाताने टेबल जवळपास आणल्यावरच. त्याला मर्यादा घाला: कूलंट ७० अंशांच्या वर, ॲक्सलरेशन एनरिचमेंट चालू असतानाची रीडिंग वगळलेली, एका कप्प्यातला बदल मर्यादित. कच्च्या मॅपवर ऑटोट्यून सोडलं तर ते मिसफायरसुद्धा प्रामाणिकपणे टेबलात लिहून ठेवतं.

फुल थ्रॉटलचे कप्पे रस्त्यावर करू नका. हलकी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये काही सेकंदांत कुठच्या कुठे पोचते आणि आकडा वाचायला वेळच मिळत नाही. त्यासाठी डायनो (गाडी जागीच पळवून ताकद मोजणारं यंत्र) घ्या.

टप्पा ९: स्पार्क टेबल

पेट्रोल बसल्याशिवाय स्पार्कला हात लावू नका, कारण लीन मिश्रण नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक) करतं आणि दोष टायमिंगला जातो.

सुरुवात नेमस्त ठेवा. आयडलला १० ते १६ अंश, फुल लोडला जुन्या दोन व्हॉल्व्हच्या हेडला ३० ते ३४, चार व्हॉल्व्हच्या हेडला त्याहून काही अंश कमी, हलक्या लोडला जास्त. डायनोवर दोन-दोन अंश वाढवत जा. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबा आणि एक-दोन अंश मागे या. नॉकिंग ऐकू येईपर्यंत वाढवायचं ही पद्धत पिस्टन फोडते.

एक युक्ती: आयडलच्या जरा खालच्या आरपीएमच्या कप्प्यात दोन-तीन अंश जास्त ठेवा. इंजिन पडायला लागलं की टायमिंगच त्याला वर ओढतं.

टप्पा १०: ॲक्सलरेशन एनरिचमेंट

हे टप्पा ८ नंतरच. व्हीई टेबलातला खड्डा ॲक्सलरेशनच्या जादा पेट्रोलने बुजवणं ही नेहमीची चूक. मग पाय हळू दाबला की गाडी अडखळते आणि जोरात दाबला की धूर सोडते.

लॉग पाहा. थ्रॉटल उघडताच लॅम्डा वर उडाला तर पेट्रोल वाढवा. आधी खाली कोसळला आणि इंजिन घुसमटलं तर कमी करा. टीपीएसच्या वेगाची किमान पातळी इतकी ठेवा की तारेतल्या खरखरीने जादा पेट्रोल सुटणार नाही.

टप्पा ११: थंड स्टार्ट

याचा खरा प्रयोग दिवसातून एकदाच करता येतो, म्हणून संयम. स्टार्टर बराच फिरतो पण धरत नाही, तर क्रँकिंगची पल्स. धरतं आणि दोन-तीन सेकंदांत मरतं, तर आफ्टरस्टार्ट (सुरू झाल्याबरोबरचं जादा पेट्रोल). मिनिटभर चालून मग रडतं, तर वॉर्मअप. एका सकाळी एकच गोष्ट बदला आणि तापमानासकट वहीत लिहा.

टप्पा १२: क्लोज्ड लूप, सर्वांत शेवटी

लॅम्डाची दुरुस्ती आता चालू करा, ५ ते १० टक्क्यांच्या मर्यादेत, फक्त गरम इंजिनाला आणि फक्त एकसारख्या वेगाला. दुरुस्ती एखाद्या ठिकाणी सतत मर्यादेला टेकलेली दिसली तर मर्यादा वाढवू नका. ती बंद करा आणि तो कप्पा टप्पा ८ प्रमाणे नीट करा.

प्रत्येक बदलाची फाइल तारीख घालून वेगळी जपा आणि एक प्रत गाडीतल्या पेन ड्राइव्हवर ठेवा. पुढे एक्झॉस्ट, एअर फिल्टर किंवा कॅम बदललं तर टप्पा ८ पासून, इंजेक्टर किंवा रेग्युलेटर बदलला तर ५ पासून, आणि पुली, ट्रिगर व्हील किंवा क्रँक सेन्सरला नुसता पाना जरी लागला तरी ६ पासून पुन्हा सुरुवात.